एकशे सात नंबरची लाइन

वसाहतीत टेलिफोन आले तेव्हा अवघे एकशे बावीस आले, आणि त्या एकशे बावीस घरांतलं गोड-कडू सगळं हॅलोबाईंच्या कानातून गेलं. बाईंचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. लहानथोर सगळे त्यांना हॅलोबाईच म्हणायचे, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. उलट कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर त्या मागे वळून बघायच्या, की कोण बाई आली आता?

कामही तसंच होतं. पोस्टाच्या मागच्या खोलीत काळ्या लाकडाचा स्विचबोर्ड, त्याला एकशे बावीस भोकं, प्रत्येक भोक एका घराचं. कुणी रिसीव्हर उचलला की त्याच्या भोकाखाली दिवा लागायचा. बाईंनी कॉर्ड खुपसायची, "हॅलो, नंबर?" विचारायचं, दुसरं टोक हव्या त्या घरात खुपसायचं, कळ वर करायची आणि कान काढून घ्यायचा. आता, कान काढून घ्यायचा हे नियमात लिहिलेलं होतं. नियम नियमाच्या जागी आणि माणसाचा कान माणसाच्या जागी. बाईंना ऐकू यायचं. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा पोरगा नापास झालाय, कोणता डॉक्टर घरी असून नाही म्हणून सांगतोय, सगळं. पण कानात गेलेलं ओठावर कधी आलं नाही. अठरा वर्षं त्यांनी तो बोर्ड चालवला आणि तेवढ्या वर्षांत एकही भांडण त्यांच्या तोंडामुळे झालं नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा?

पुढे आपोआप लागणारे फोन आले, बोर्ड बंद झाला, बाईंची बदली झाली, मग निवृत्ती. लग्न त्यांनी केलं नाही. बहीण लवकर गेली, तिचा मुलगा शाळा सुटली की थेट मावशीकडे यायचा, तो एका अर्थी त्यांच्याच घरी वाढला. आता तो वसाहतीच्या वाचनालयाचा ग्रंथपाल होता, डोक्यावरचे केस मागे सरकलेले, तरी जेवायला आठवड्यातून तीनदा मावशीकडेच. आणि समोरच्या घरात शिवणबाई होत्या.

शिवणबाई म्हणजे हॅलोबाईंचा दुसरा श्वास, असं म्हटलं तरी चालेल. शाळेचे गणवेश शिवता शिवता त्यांची पाठ वाकली होती, जीभ मात्र ताठ होती. दोघींची घरं समोरासमोर, मध्ये एवढासा रस्ता, खिडकीतून हात केला तर दिसावा. तरी रोज दुपारी चारला शिवणबाई फोन करायच्या. "हॅलो, नंबर?" हॅलोबाई विचारायच्या. "एकशे सात," त्या सांगायच्या, आणि मग तासभर गप्पा. एकशे सात हा त्यांचा जुना नंबर. नवरा होता तेव्हा त्यांच्याकडे एक मालवाहू ट्रक होता, त्याच्या कामासाठी तो फोन घेतलेला.

नवऱ्याचा विषय निघाला की शिवणबाईंचं एकच वाक्य ठरलेलं असायचं. "भांडून गेला, आणि मरेपर्यंत एक फोन केला नाही मेल्यानं." चाळीस वर्षं हेच. भांडण कशावरून झालं होतं ते त्यांनाही आता नीट आठवत नव्हतं. तो ट्रक घेऊन गेला, चौथ्या दिवशी लांबच्या घाटात ट्रक दरीत गेला. तो कुठल्या बाजूला निघाला होता हे कुणी विचारलं नाही. उलटलेल्या ट्रकला तोंड कुठलं. शिवणबाईंनी त्याचा फोटो भिंतीवर लावला नाही. कपड्यांच्या ट्रंकेत, तळाशी, पालथा ठेवला होता. हॅलोबाईंना ते माहीत होतं, आणि दरवेळी ते वाक्य आलं की त्या विषय बदलायच्या. का, ते येतंच आहे.

यंदा वसाहतीला साठ वर्षं झाली. माणसं साठीला आली की शांत होतात, वसाहतींना मात्र उत्साह चढतो. समिती झाली, समितीच्या उपसमित्या झाल्या, आणि ग्रंथपालानं एक कल्पना मांडली ती सगळ्यांना पसंत पडली. पोस्टाच्या गोदामात धूळ खात पडलेला तो जुना स्विचबोर्ड वाचनालयाच्या वरच्या दालनात आणायचा. बघणाऱ्यानं कॉर्ड घ्यायची, कुठल्याही भोकात खुपसायची, कानाला रिसीव्हर लावायचा, की त्या घराची गोष्ट ऐकू येईल. प्रत्येक घराची गोष्ट त्याच्याच नंबरात. आणि सांगणार कोण? दुसरं कोण सांगणार?

"मी नाही," हॅलोबाई म्हणाल्या. "कानातलं ओठावर आणायचं नसतं."

"अगं मावशी, ज्यांची घरं त्यांना विचारूनच घेणार आहे मी. हसण्यासारख्या गोष्टी सांग. नाहीतर हे सगळं तुझ्याबरोबर जाईल. मग या जागेला काय उरेल? साठ वर्षांची गटारं आणि रस्ते?"

हे मात्र बाईंना पटलं. खरं सांगायचं तर त्या सुखावल्या. निवृत्तीनंतर कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

मग स्वयंपाकघराच्या टेबलावर बैठका सुरू झाल्या. तो रेकॉर्डर ठेवायचा, लाल दिवा लागायचा आणि बाई बोलायच्या. हेडमास्तर स्वतःच्याच घरी फोन करून, "माझा चष्मा तिकडे राहिलाय का?" असं चष्मा नाकावर असताना कसे विचारायचे. बेकरीवाल्याचा पोपट "हॅलो, नंबर?" म्हणायला कसा शिकला. एकशे सातची गोष्ट म्हणजे तर धमाल. एका गृहस्थानं घर हलवायला ट्रक मागवला आणि शिवणबाईंच्या नवऱ्यानं पत्ता चुकून शेजाऱ्याचं सामान भरून नेलं, शेजारी झोपलेलाच. बाई सांगताना स्वतःच हसून डोळे पुसायच्या. त्या बोर्डासाठी त्यांनी दोन दिवस तेलाचं फडकं घेऊन लाकूड पुसलं, पितळेची भोकं चिंच लावून घासली.

शेवटच्या बैठकीला त्यानं विचारलं, "मावशी, अठरा वर्षांत तुझ्या हातून एकही चूक नाही झाली?"

चाळीस वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते नेमकं त्याच क्षणी वर आलं. म्हाताऱ्या माणसाचं असं होतं. मोठं ओझं शेवटच्या पायरीवर हातातून निसटतं.

"ते बंद कर," त्या म्हणाल्या.

त्यानं बटण दाबलं. लाल दिवा गेला. मग त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी दुपारी एकशे सातचा दिवा लागला होता. शिवणबाई रडत होती. नवरा भांडून जाऊन तीन दिवस झाले होते, आणि तिला मन मोकळं करायला दुसरं कुणी नव्हतं. बोर्डवरच्या बाईनं स्वतः कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत, हा नियम होता. दुसरा नियम त्याहून मोठा. बाहेरगावचा ट्रंक कॉल आला की गावातलं बोलणं तोडायचं, मग मंत्री बोलत असो की महापौर. हॅलोबाईंनी तो कुणासाठीही मोडला नव्हता. त्या दुपारी बाहेरगावची ऑपरेटर म्हणाली, "एकशे सात हवाय." हॅलोबाई म्हणाल्या, "एन्गेज आहे. दहा मिनिटांनी." कारण एकशे सात रडत होती, आणि रडणाऱ्या मैत्रिणीला तोडून ट्रकचं भाडं ठरवायला कुणा परक्याला जोडून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. दहा मिनिटांनी पुन्हा. "एन्गेज. दहा मिनिटांनी." पुन्हा एकदा. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी अपघाताची बातमी आली. त्याच्या पुढच्या दिवशी ती बाहेरगावची पोरगी लाइनवर सहज बोलून गेली. "तुमच्या एकशे सातला त्या दिवशी एक ट्रकवाला लावत होता हो. अर्धा तास बाकावर बसून होता बिचारा. तिसऱ्यांदा एन्गेज म्हटल्यावर म्हणाला, राहू द्या, आता घरीच जाऊन बोलतो."

"म्हणजे तो परत येत होता," भाचा म्हणाला.

"परत येत होता. आणि आम्ही दोघी त्याच्याबद्दलच बोलत होतो रे. आधी नोकरी जाईल म्हणून सांगितलं नाही. मग वर्ष झालं, आता काय सांगू म्हणून नाही. मग तिची मैत्री जाईल म्हणून नाही. तिच्याशिवाय मला आहे कोण?"

भाच्यानं त्यांचा हात धरला. "माझ्यापाशी राहील," तो म्हणाला. बाईंना इतकं हलकं वाटलं की त्या रात्री त्या पडल्या पडल्या झोपल्या.

उद्घाटनाला दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्षांचं भाषण झालं, ते वसाहतीपेक्षा थोडं लहान होतं. मग हॅलोबाईंना बोर्डासमोर, त्यांच्या त्याच उंच खुर्चीवर बसवलं. कानाला त्यांचा जुना हेडफोन. लोक रांगेत येत, नंबर सांगत, बाई कॉर्ड खुपसून देत. बेकरीवाल्याची नात पोपटाचं ऐकून खिदळली. हेडमास्तरांचा मुलगा ऐकता ऐकता नाक शिंकरायला बाहेर गेला. बाईंचे हात आपोआप चालत होते. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

शिवणबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. रांगेत पुढे येऊन त्यांनी रिसीव्हर उचलला आणि मान तिरकी करून उभ्या राहिल्या.

"हॅलो, नंबर?" हॅलोबाईंनी विचारलं. आजूबाजूचे हसले.

"एकशे सात. आणि लवकर जोडा, बाई. मला कामं आहेत."

"जोडते हो. इतकी घाई होती तर पत्र टाकायचं होतं." आणि हॅलोबाईंनी ऐटीत, मनगट फिरवून, कॉर्ड एकशे सातमध्ये खुपसली.

शेजाऱ्याच्या सामानाच्या गोष्टीला मैत्रीण कुठे हसते ते बघायला त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. शिवणबाई हसल्या नाहीत. प्रथम कपाळाला आठी पडली. मग ओठ थोडे उघडले आणि तसेच राहिले. हॅलोबाईंना कळेना. त्यांनी जुन्या सवयीनं कळ खाली केली आणि स्वतःही ऐकू लागल्या. हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज होता. "...एन्गेज. दहा मिनिटांनी. पुन्हा एकदा. पुन्हा तेच..."

कॉर्ड ओढून काढावी एवढंही सुचलं नाही. अठरा वर्षं लाइन तोडायची वेळ आली की त्यांचा हात कधी चुकला नव्हता, आणि आज तो मांडीवरून उचलेना. आवाज शेवटपर्यंत गेला. "राहू द्या, आता घरीच जाऊन बोलतो." मग "तिच्याशिवाय मला आहे कोण?" हेसुद्धा. आणि मग खूट करून संपला.

शिवणबाईंनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला.

"तीनदा?" त्यांनी विचारलं.

हॅलोबाईंनी मान डोलावली.

"घरी येत होता?"

पुन्हा मान.

"आणि तू मला चाळीस वर्षं त्याला शिव्या घालू दिल्यास," शिवणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मागच्या माणसाला वाट देत त्या बाजूला झाल्या आणि जिना उतरून गेल्या. मागचा माणूस पुढे येऊन म्हणाला, "मलापण तोच लावा हो, एकशे सात. सगळे म्हणतायत सगळ्यात चांगला तोच आहे."

हॅलोबाईंनी भाच्याला पुस्तकांच्या कपाटामागे गाठलं. त्याचा चेहरा आनंदानं फुललेला होता, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

"मी बंद कर म्हटलं होतं."

"केला होता ना. माझ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं टेबलावर. मशीन ऐन वेळी फसतं, म्हणून मी कायम दोन लावतो." मग त्याला मावशीचा चेहरा नीट दिसला. "मावशी, नाव कुठे घेतलंय त्यात? मी सगळी नावं कापली. आणि लोक रडतायत ते ऐकून. पोपट आणि चष्मा सगळीकडे असतो गं. हे फक्त आपल्याकडे आहे."

"नंबर घातलास."

"नंबर खराच हवा. एकाचा खोटा घातला तर बाकी एकशे एकवीस कोण खरे मानेल?"

"तू प्रत्येक घराला विचारणार होतास. तिला विचारलंस?"

"ट्रकच्या गोष्टीचं विचारलं होतं. तिनं हो म्हटलं." त्यानं डोळे खाली घातले. "आणि परवानगीच्या कागदावर सही तर तू केलीयस."

"वीस कागद पुढे केलेस. मी चष्मासुद्धा लावला नाही. कारण कागद तुझ्या हातात होते." बाई त्याच्याकडे एक पाऊल पुढे सरकल्या. "परक्यानं केलं असतं तर बोंब मारली असती. आता कुणाच्या नावानं मारू? आपलेच दात आणि आपलेच ओठ. केसानं गळा कापलास माझा."

तो हळूच म्हणाला, "तिला बरं वाटेल असं वाटलं मला. तो परत येत होता, हे कळायला नको तिला? तू कधी सांगणार होतीस, मावशी?"

चोर तो चोर आणि वर खरं बोलणार. बाई बोर्डाकडे परत गेल्या, एकशे सातमधली कॉर्ड उपटली आणि रांगेतल्या माणसाला म्हणाल्या, "लाइन खराब आहे." आणि पर्स उचलून घरी आल्या. भाचा जिन्यापर्यंत मागे आला होता. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या खिडकीशी होत्या. समोर शिवणयंत्र चालल्याचा आवाज येत होता, म्हणजे माणूस बरं होतं. बाईंनी चहा केला, तो तसाच गार झाला. भाच्याचे चार फोन आले. नाव बघून त्यांनी फोन पालथा घातला. त्याचं चुकलं होतं, मोठं चुकलं होतं, आणि या घरात त्याचं ताट पुन्हा वाढलं जाईल की नाही ते त्यांना सांगता आलं नसतं. पण दुपार चढत गेली तशी त्याच्यावरची चीड मागे पडली आणि पोटात राहिलं ते वेगळंच. त्यानं एका महिन्याचा विश्वास मोडला होता. त्यांनी चाळीस वर्षांचा.

चार वाजले. फोन वाजला नाही.

सव्वाचारला त्यांनीच लावला. एन्गेज. दुसऱ्या कुणाशी बोलत असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं, पण शिवणबाईंना दुसरं होतं कोण? दहा मिनिटांनी पुन्हा लावला. एन्गेज. त्यांनी पडदा सारून नीट पाहिलं. समोरच्या खिडकीत टेबलावर रिसीव्हर काढून आडवा ठेवला होता. त्याच्या शेजारी भिंतीला टेकवून एक फोटो उभा होता, काच नसलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. तो सरळ होता. शिवणबाई यंत्रावर वाकून शिवत होत्या.

बाईंनी तिसऱ्यांदा नंबर लावला, त्याच आवाजासाठी. मग फोन ठेवला आणि चपला घातल्या. राहू दे. आता घरीच जाऊन बोलायचं.

रस्ता एवढासा, पण ओलांडताना त्यांना दम लागला. तीन पायऱ्या चढून त्यांनी दार वाजवलं. आत यंत्र थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, पावलं दारापर्यंत आली. दोघींच्या मध्ये आता फक्त एक फळी होती.

"कोण?" आतून आवाज आला. कोण ते शिवणबाईंना माहीत होतं.

"मी गं. दार उघड. मला बोलू दे एकदा."

मग शिवणबाई म्हणाल्या, अगदी कामाच्या आवाजात, "एन्गेज आहे. दहा मिनिटांनी."

पावलं परत गेली. यंत्र सुरू झालं. हॅलोबाई कठड्याला धरून वरच्या पायरीवर बसल्या आणि थांबल्या.